गोड पाण्यातले ठोकळे

यंत्राच्या दोन पोलादी पाट्यांमध्ये काँक्रीटचा ठोकळा दाबला जात होता आणि आकडा चढत होता. रत्नागिरीतल्या त्या प्रयोगशाळेत पंखा बंद ठेवला होता, कारण मुकादमाच्या मोबाइलवरून कुवेतला व्हिडिओ कॉल चालू होता आणि पंख्याच्या घरघरीत तिकडे काही ऐकू जाईना. आम्ही घामाघूम. पडद्यावर चार-पाच तोंडं दाटीवाटीने बसलेली. दाभोळच्या खाडीकाठच्या एका मोहल्ल्यातली ही मुलं. कोणी तिकडे वायरमन, कोणी ड्रायव्हर. त्यांच्या कमाईतून मोहल्ल्यात दवाखाना उभा राहत होता, आणि यंत्रातला ठोकळा त्या दवाखान्याच्या स्लॅबचा होता.

हवा होता तो आकडा मागे पडला, तरी ठोकळा उभाच. मग त्याच्या अंगावर बारीक रेघ उमटली, टचकन आवाज झाला आणि कडा ढासळल्या. तंत्रज्ञाने आकडा मोठ्याने वाचला. मोबाइलमधून टाळ्या आल्या. मुकादमाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मुलगा बोर्डात आला आहे आणि आता मावशीने पेढे वाटायचे. मावशीच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती.

माझं काम साक्षीचं. बांधणाऱ्याचा नाही आणि बांधून घेणाऱ्याचाही नाही, अशा तिसऱ्या माणसाने चाचणीच्या वेळी तिथे उभं राहायचं, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं आणि खाली सही करायची. स्लॅब ओततात त्या दिवशी त्याच मालातून साच्यांत ठोकळे भरतात, ते पाण्यात ठेवतात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून बघतात. स्लॅब काही फोडून बघता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने ठोकळा मार खातो. परदेशातल्या मुलांना स्वतः येऊन बघता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला नेमलं होतं. हे काम करून करून माझा स्वभाव बिघडला आहे. घरचे म्हणतात, हिचं तोंड दुधाने पोळलं नाही, तरी ही ताक फुंकून पिते.

साइटवरून ठोकळे कसे येतात ते मला पाठ आहे. कडा उडालेल्या, अंगाला चिखल, टेम्पोत आपटत आलेले. हे ठोकळे मात्र एकेक ओल्या सुती ओढणीत गुंडाळून, भाताच्या पेंढ्यात बसवून आले होते. धुतलेले, नितळ. स्लॅबच्या दिवशी ओल्या मालात मी खिळ्याने कोरलेली माझी खूण प्रत्येकावर जशीच्या तशी होती, म्हणजे अदलाबदल नव्हती. मग एवढे लाड कोणी केले आणि कशासाठी? मी मुकादमाला विचारलं. तो खुशीत होता, सहज बोलून गेला.

"भाभीनं ठेवलंन घरी. साइटवरची टाकी फुटली ना. पोरांवानी जपलंन त्यांना."

मोबाइलमधला एक चेहरा हसला. भाभी त्याचीच बायको. मी सही केली नाही. आधी जागा बघणार, असं सांगितलं आणि पेन पर्समध्ये टाकलं. मुकादमाचा चेहरा पडला. पडद्यावरून कोणीतरी विचारलं की पास झाल्यावर आता काय बघायचं राहिलं, आणि ते विचारणं गैर नव्हतं. मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं. एवढंच कळत होतं की ठोकळ्याच्या नशिबी टाकी फुटल्यावर ओढणी आली असेल, तर स्लॅबच्या नशिबी काय आलं ते बघायला हवं.

दुसऱ्या दिवशी धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली तेव्हा ऊन तापलं होतं. मे महिना अर्ध्यावर आलेला. खाडी ओलांडून मोहल्ल्यात पोचले तर चाचा वाटेवरच उभे. चाचा म्हणजे दवाखान्याच्या कमिटीचे प्रमुख आणि भाभीचे सासरे. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस, अजूनही पाय फाकून उभे राहतात, जमीन हलेल की काय अशा बेताने. त्यांनी आधी सरबत पाजलं, मग घरामागे नेलं. तिथे एक मोठा प्लास्टिकचा पिंप होता. उरलेले दोन ठोकळे त्याच्या तळाशी, आणि पाणी इतकं स्वच्छ की माझी खूण वरून वाचता येत होती.

भाभी पदराला हात पुसत बाहेर आली. पंचविशी-सव्विशीची, बोलकी. पाणी रोज बदलते, पिंपावर झाकण ठेवते, कोंबड्यांना जवळ फिरकू देत नाही, सगळं तिने हौसेने सांगितलं. विहीर वर सड्यावर, कातळाच्या माळावर, उतार बिकट, पण ठोकळ्यांसाठी तिने एक हंडा रोज वेगळा आणला होता. ऐकताना मला तिचं कौतुक वाटत होतं. मी विचारलं, मग स्लॅबला कुठलं पाणी मारलं?

भाभीने चाचांकडे बघितलं. चाचा म्हणाले, पाण्याला काय, भरपूर मारलं, कमी पडू दिलं नाय. मी सरळ दवाखान्याकडे चालू लागले.

शिडीवरून स्लॅबवर चढले. सिमेंटचे छोटे बांध घालून वाफे केले होते, पाणी साठून राहावं म्हणून. आता ते सुकले होते आणि तळाला पांढरी साय धरली होती. साइटवर आलेला मुकादम माझ्या मागोमाग वर आला. चुना हाय तो मॅडम, म्हणाला, नवीन काँक्रीट चुना सोडतंच. तोही खोटं बोलत नव्हता. नवीन काँक्रीटवर चुन्याची पांढरी साय येते, मी शेकडो वेळा पाहिली आहे. दारापुढच्या पोर्चवर मात्र ती जास्तच जाड होती. तिथला उतार चुकला होता, त्यामुळे पाणी सगळ्यात जास्त तिथेच साठलं असणार. मी खाली बसले, बोटाने ती पूड उचलली आणि जिभेला लावली.

मीठ होतं. जेवणात मीठ जास्त पडल्यावर तोंड होतं तसं माझं तोंड झालं असणार, कारण खाली उभ्या असलेल्या भाभीने तेवढ्यावरून ओळखलं. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मग उलगडा झाला. स्लॅब ओतताना सगळा माल टँकरच्या गोड पाण्यात कालवलेला होता, ते मी स्वतः पाहिलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात टँकर वरच्या वाड्यांना प्यायचं पाणी द्यायला वळला. विहिरीने तळ गाठला. स्लॅब तर उन्हात तापत होता, आणि पाणी मारलं नाही तर तडे जातील हे मुकादमाने सगळ्यांना बजावलं होतं. मोहल्ल्यातल्या बायका उठल्या. खाडी पन्नास पावलांवर. भरतीला हंडे भरायचे, डोक्यावरून आणायचे, शिडीवर साखळी करून वर पोचवायचे. कोणी मजुरी मागितली नव्हती. आणि विहिरीतून जे काही गोड पाणी मिळेल ते ठोकळ्यांना, कारण ठोकळे रत्नागिरीला परीक्षेला जाणार होते. घरात पेलाभर दूध असलं तर ते आपण दहावीच्या मुलालाच देतो. त्यांनी तेच केलं होतं.

मला राग आला. कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून मुकादमावर काढला. बायका खाडीतून हंडे आणताना तू कुठे होतास, हे त्याला चार माणसांत विचारलं. तो म्हणाला दुसऱ्या साइटवर. मग आवाज खाली आणून त्याने ते सांगितलं जे मी ऐकून घ्यायला तयार नव्हते.

"तुमी ठोकळ्यांच्या साक्षीदार मॅडम. ठोकळे पास झाले, तुमच्यासमोर झाले. खाडीचं पाणी तुमी कुठं बघितलात?"

नियमाने त्याचं बरोबर होतं. ठोकळे भरताना मी होते, फोडताना मी होते. मधल्या दिवसांत स्लॅबवर काय झालं याची साक्ष माझ्या कामात येत नव्हती. दोन ओळी लिहून सही केली असती तर कोणी मला धरू शकलं नसतं. दवाखाना पावसाआधी सुरू झाला असता. मुलांनी कुवेतमध्ये मिठाई वाटली असती.

आणि दवाखाना पावसाआधी सुरू होणं म्हणजे काय, ते चाचांनी मला तिथेच सांगितलं. भाभी पाणी आणायला गेली तेवढ्यात, हलक्या आवाजात. गेल्या पावसाळ्यात तिचे दिवस भरले होते. वारा सुटला, खाडीला उधाण, फेरीबोट बंद. धक्क्यावर गाडीत बसून बोट सुरू व्हायची वाट बघताना तिने मुलगी गमावली. मुलगी जन्मली, पण रडली नाही. त्यानंतर मुलाने कुवेतहून पहिला फोन दवाखान्यासाठी केला. "म्हणून ती ठोकळे जपत होती, बाय," चाचा म्हणाले. "तिला वाटलं, आता तरी काय कमी पडाय नको."

मी दगडाची नाही. त्या क्षणी सही करून टाकावी असं मला मनापासून वाटलं. पण पोर्च माझ्या डोळ्यांसमोर होता. खोल्यांच्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खालच्या अंगाला असतात, मिठाला तिथवर पोचायला जाडी पार करावी लागते. पोर्च मात्र एका बाजूने इमारतीत रोवलेला आणि दुसरी बाजू अधांतरी. त्याचा सगळा भार वरच्या अंगाच्या सळ्यांवर, आणि त्यांच्यावर काँक्रीट बोटभर. वर खारं पाणी साठलेलं. मीठ सळीपर्यंत पोचलं की सळी आतल्या आत गंजते, फुगते, आणि बाहेरून रंग दिलेला पोर्च नवा कोरा दिसतो. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं.

मी ड्रिल मागवलं. खोल्यांवर आणि पोर्चवर वेगवेगळ्या ठिकाणी, थोड्या थोड्या खोलीवरची पूड काढून पुड्या बांधल्या. हे माझ्या कामात नव्हतं. चाचांनी विचारलं, याचा निकाल वाईट आला तर? मी म्हटलं, तर तोडावं लागेल. पुड्या बांधायला दोरा चाचांनीच दिला.

निकाल येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. चाचा रोज सकाळी फोन करायचे, तब्येत विचारायचे, आंबे पाठवू का विचारायचे, आणि मुद्द्याचं काहीच विचारायचे नाहीत. मुकादमाने दोनदा निरोप पाठवला की वरून वॉटरप्रूफिंग करून टाकतो, विषय संपवा. मला झोप लागेना. घरी सगळ्यांवर करवादत होते. माझ्या एका सहीने कोणाचं काही पडेल याची भीती मला नेहमीची आहे, पण या वेळी न केलेल्या सहीचीही भीती वाटत होती. पावसाळा दाराशी होता. या पावसातही कोणी धक्क्यावर अडकली तर ते कोणाच्या माथी?

निकाल आला. खोल्या वाचल्या होत्या. वरच्या थरात मीठ होतं, पण सळ्यांच्या खोलीवर ते धोक्याच्या खूप खाली. गोड्या पाण्याने वारंवार धुऊन वर नीट थर दिला की भागणार होतं. पोर्च वाचला नव्हता. सळीच्या खोलीवर मीठ नको तितकं होतं.

चाचांच्या पडवीत बैठक बसली. कमिटीची माणसं खुर्च्यांवर, मुकादम खांबाला टेकून, कुवेतची तोंडं पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये. बायका आतल्या दारात. मी निकाल सोप्या शब्दांत सांगितला. पडद्यावरून प्रश्न आला, खाडीचं पाणी मारायला कोणी सांगितलं? आवाज भाभीच्या नवऱ्याचा होता.

चाचा सरळ बसले. "मी सांगितला," म्हणाले. "माझी चूक हाय. बोटीवर आमी सगळं खाऱ्या पाण्यानंच धुवायचो."

कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मला ते खोटं आहे हे कळत होतं आणि चाचा ते का बोलले हेही कळत होतं. सासऱ्याला बोलणारं तिथे कोणी नव्हतं. सुनेला बोलणारे सगळेच होते. विषय तिथेच मिटला असता.

"अब्बा, नाय." भाभी दारातून पुढे आली. पडद्यातल्या नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली. "मी सांगितलं बायकांना. गोडं पाणी मीच ठोकळ्यांना ठेवलं. कोणाला विचारलं नाय."

नवऱ्याने पडद्यात मान बाजूला वळवली.  मग दुसरं एक तोंड पुढे सरकलं आणि मला विचारू लागलं की पोर्च लगेच पडणार आहे का. मी म्हटलं, नाही. या पावसात नाही, पुढच्याही नाही. मग दहा वर्षांनी बघू, त्याने म्हटलं. आत्ता तोडलं तर पाऊस लागेल, रुग्णवाहिका दारात कशी लावणार? म्हणणं वेडगळ नव्हतं. कमिटीतल्या दोघांनी मान हलवली. मुकादमाच्या जिवात जीव आला. मी जे पाहिलं आणि मोजलं ते सांगून झालं होतं.

भाभीने मला विचारलं, "तो पडेल तेवा आधी कळंल?"

मी म्हटलं, कदाचित नाही कळणार.

"गाडी तिथंच थांबणार," ती म्हणाली. "बाईला तिथंच उतरवणार. तोडा."

पडद्यातून नवऱ्याने तिला नावाने हाक मारली, एकदाच, आणि मग म्हणाला, तोडा. चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तोंडावरून हात फिरवला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि साक्षीदाराने रडावं हे मला आवडत नाही.

पोर्च तोडला त्या दिवशी हंडे वाहिलेल्या सगळ्या बायका समोरच्या फणसाखाली येऊन बसल्या.  घणाचा प्रत्येक घाव त्यांच्या मानेवर पडत असल्यासारख्या त्या बसून होत्या. एकीने मला जवळ बोलावून विचारलं की हे आमच्या पाण्याने झालं का. मला गोड बोलता आलं असतं. मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि पुन्हा बघत बसली. मला स्वतःचा तिटकारा आला, पण दुसरं काय सांगणार होते?

खोल्या धुऊन झाल्या आणि दवाखाना पोर्चशिवायच सुरू झाला, दारात ताडपत्री बांधून. पाऊस ओसरल्यावर पोर्च पुन्हा ओतायचं ठरलं आणि मला बोलावणं आलं. त्या दिवशी भाभी हळू चालत होती, कमरेला एक हात लावून. मी विचारायच्या आत चाचांनी डोळ्यांनीच सांगितलं. कितवा महिना, ते मी विचारलं नाही. ताडपत्रीखालून एक म्हातारी औषध घेऊन बाहेर पडत होती.

विहीर आता काठोकाठ होती. माल कालवला, पोर्च भरला, आणि मी त्याच मालातून साचे भरून घेतले. दुसऱ्या दिवशी साचे उघडले तेव्हा भाभी समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तीच धुतलेली ओढणी असेल असं मला वाटलं होतं, पण हात मोकळे होते.

"ह्यांना कुठं ठेवू?" तिने विचारलं.

नियमाप्रमाणे काही ठोकळे प्रयोगशाळेच्या टाकीत जायचे होते, ते मी गाडीत घातले. उरलेले तिच्यासमोर ठेवले. म्हटलं, हे पोर्चवरच ठेव. त्याला जे पाणी, ते यांना. त्याला जे ऊन, ते यांना.

"आनी मग पास नाय झाले तर?"

मी म्हटलं, तर खरं कळेल.

तिने थोडा वेळ त्या ठोकळ्यांकडे बघितलं. मग मुकादमाला हाक मारून ते वर द्यायला लावले, तिला आता वाकता येत नव्हतं म्हणून. कुठे ठेवायचे ते खालून हाताने दाखवत राहिली. मुकादम ते सावलीच्या कोपऱ्यात मांडू लागला तेव्हा म्हणाली, "तिथं नाय. मधी ठेव, उन्हात."